पावसाआधी योगशिक्षक हवेत : दरडग्रस्त वस्त्यांसाठी तातडीचे आवाहन

महाराष्ट्रातील योगशिक्षक, आशाताई, सरपंच आणि दरडग्रस्त गावांच्या आसपास राहणाऱ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मृग तोंडावर आला आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पेरणीची, शाकारणीची लगबग सुरू आहे. त्याच वेळी काही वस्त्यांमध्ये वेगळीच तयारी चालते. रेशनकार्ड, आधारकार्ड, चार दागिन्यांची पुरचुंडी एका पिशवीत भरून ती दाराशी टांगली जाते. बॅटरीत नवे सेल पडतात. रात्री कोणी जागायचं याच्या पाळ्या ठरतात. ही माणसं आता पक्क्या घरांत राहतात, डोंगरही त्यांच्या डोक्यावर राहिलेला नाही. तरी पहिली सर आली की त्यांची जी झोप उडते, ती पाऊस सरेपर्यंत परत येत नाही.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी चिखलाखाली गेलं आणि १५१ माणसं दगावली. महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक जीव गेले. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. या प्रत्येक वेळी महाराष्ट्र धावून गेला. धान्य गेलं, कपडे गेले, भांडीकुंडी गेली, पुढे घरंही उभी राहिली. वाचलेल्यांच्या मनाची विचारपूस मात्र पहिल्या काही आठवड्यांपलीकडे क्वचितच झाली.

म्हणून हे आवाहन. दरडीने, पुराने उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसलेल्या प्रत्येक वस्तीला या पावसाळ्याआधी एक तयारीचा योगशिक्षक मिळाला पाहिजे. त्याने आठवड्यातून एक तास, निदान वर्षभर, न चुकता तिथे जायचं. आणि त्याच्या पाठीशी तालुक्यातला डॉक्टर हवा. मागणी एवढीच आहे, आणि ती पूर्ण करण्याइतके योगशिक्षक आपल्या राज्यात नक्कीच आहेत.

आजार ओळखा

जिवावरच्या प्रसंगानंतर काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, उगाच रडू फुटणं स्वाभाविक आहे. आपल्या माणसांचा आधार मिळाला, हाताला काम लागलं की बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. पण काहींच्या बाबतीत महिना उलटला, वर्ष उलटलं तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, स्वप्नात येतो. ती जागा, तो विषय टाळला जातो. मन बधिर होतं, ‘मीच का वाचलो’ म्हणून स्वतःला खात राहतं. अंग सदा सावध असतं, भांडं पडलं तरी काळजात धस्स होतं. या आजाराला वैद्यकात आघातोत्तर ताणविकार म्हणतात, पीटीएसडी या नावाने तो जास्त ओळखला जातो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यानंतर १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला आजारांच्या अधिकृत यादीत घेतलं.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेली किल्लारी आणि भोवतालची गावं भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्यातून वाचलेल्या ज्या लोकांची तज्ज्ञांनी तपासणी केली, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हा ताणविकार आणि नैराश्य हे दोन मुख्य होते.

गावात मात्र पीटीएसडी असं कोणी सांगत नाही. धसका घेतलाय, एवढंच सांगतात. दवाखान्यात येते ती तक्रार छातीतल्या धडधडीची, जड डोक्याची, अंगदुखीची, जेवण जात नसल्याची. दर तक्रारीला एक गोळी मिळते आणि मूळ प्रसंगाबद्दल विचारायचं राहून जातं. कर्ता पुरुष बाटलीकडे वळतो. बाईला देवऋषाकडे नेतात. मूल शाळेत गप्प गप्प राहतं आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढाच शेरा त्याच्या वाट्याला येतो. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात. ही पाहणी साऱ्या देशाची आहे. डोंगरातल्या वाडीवर काय स्थिती असेल, याचा अंदाज करावा.

बचावकार्याला गेलेल्यांनाही विसरू नका. इर्शाळवाडीपर्यंत मोठी यंत्रं चढूच शकली नाहीत. पावसात, निसरड्या पायवाटेने चढून जवानांनी आणि गिर्यारोहक तरुणांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्याही झोपेत येत असेल. त्यांना शाबासकी मिळाली, पण ‘तुला झोप लागते का रे?’ असं त्यांना कितीजणांनी विचारलं?

योग इथे काय करतो

या आजारात प्रसंग संपून जातो, पण शरीर ते मानायला तयार नसतं. आग विझून वर्ष लोटलं तरी वाजतच राहिलेल्या भोंग्यासारखी मेंदूतली धोक्याची सूचना चालू राहते. नाडी जलद, श्वास उथळ, खांदे आवळलेले, पोटात गोळा. अशा वेळी ‘आता कसली भीती?’ असं कितीही समजावलं तरी ते शरीरापर्यंत पोहोचत नाही. बोलून मोकळं व्हावं म्हटलं तर बोलताना सगळं पुन्हा अंगावर येतं. आणि डोंगरातल्या ठाकर समाजाच्या बाईने शहरातून आलेल्या, आज भेटलेल्या समुपदेशकापुढे मन उघडं करावं ही अपेक्षाच मोठी आहे.

योगाची वाट शरीरातून जाते. आत्ता मनगटावर बोट ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती किंचित वेगाने चालते, सोडताना किंचित मंदावते. म्हणूनच सावकाश, लांबवत सोडलेला श्वास हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचं काम वाढवतो. दुसरी गोष्ट, दरडीच्या क्षणी माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं. हात वर न्यायचा की नाही, किती न्यायचा, केव्हा थांबायचं, हे तो आसनात स्वतः ठरवतो. स्वतःच्या शरीरावरचा गेलेला ताबा असा तसूतसूने परत येतो. आणि यासाठी एक शब्दही बोलण्याची सक्ती नसते.

पुरावा काय सांगतो

योगाला प्रयोगशाळेत नेण्याची सुरुवात आपल्याच मातीत झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचे परिणाम यंत्रांनी मोजून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात मांडले. तिथून घाट उतरला की ज्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती तो इर्शाळगड दिसतो. मोजून पाहण्याच्या त्या परंपरेला जागायचं तर दावेही मोजूनमापूनच केले पाहिजेत.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ हा आजार असलेल्या आणि इतर उपचारांचा पुरेसा गुण न आलेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्याला एक तास, खास बेतलेला योगवर्ग दिला. उरलेल्यांना तेवढाच वेळ आरोग्यशिक्षण दिलं. अखेरीस तपासणी झालेल्यांत योगवर्गातल्या ३१ पैकी १६ जणी या आजाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६.

आपल्या देशात २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातल्या ४७ आपद्ग्रस्तांना आठवडाभर योगाभ्यास दिला, तेव्हा त्यांची भीती, चिंता, दुःख आणि झोपेची तक्रार कमी झाली, नाडी व श्वासाची गतीही उतरली. त्याच त्सुनामीतून वाचलेल्या १८३ जणांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात योगश्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांची लक्षणं, तो न केलेल्यांच्या मानाने बरीच उतरली. बिहारच्या २००८ च्या पुरानंतर २२ पुरुषांवर झालेल्या छोट्या अभ्यासात आठवड्याच्या योगाने उदासी कमी झाली, तर योग न करणाऱ्यांची चिंता त्याच काळात वाढली.

आता दुसरी बाजूही ऐका. हे बहुतेक अभ्यास लहान आहेत. २०१८ मध्ये सात प्रयोगांचा, एकूण २८४ रुग्णांचा, एकत्र आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी पुरावा अजून कच्चा असल्याचं सांगून योगाची शिफारस पूरक उपचार म्हणूनच केली. २०२० मध्ये अमेरिकेत २०९ जणांवर, प्रामुख्याने माजी सैनिकांवर, झालेल्या मोठ्या अभ्यासात सोळा आठवड्यांच्या योगानंतर चांगला फरक दिसला, पण सात महिन्यांनी योगाचा गट आणि तुलनेसाठी घेतलेला, योग न केलेला गट यांत अंतर उरलं नाही. याचा अर्थ मला सरळ दिसतो : सात दिवसांचं शिबिर घेऊन, हारतुरे घेऊन परत यायचं हे काम नाही. वर्ग चालू राहिला पाहिजे. आणि आघातावर थेट काम करणारे मानसोपचार व गरजेनुसार औषधं हे मुख्य उपचार आहेत, योग त्यांच्या जोडीला उभा राहतो.

नेहमीचा वर्ग इथे चालणार नाही

योगशिक्षकांनो, हा भाग विशेष लक्ष देऊन वाचा. आपण वर्गाच्या शेवटी सवयीने सांगतो : दिवे मालवा, पाठीवर पडा, डोळे मिटा, शरीर सैल सोडा. इर्शाळवाडीत डोंगर आला तेव्हा रात्र होती. किल्लारीत घरं कोसळली तेव्हा लोक गाढ झोपेत होते. अंधारात, पाठीवर, डोळे मिटून, बेसावध : नेमक्या याच अवस्थेत या माणसांवर काळ आला. तीच अवस्था त्यांना विश्रांती म्हणून देणं म्हणजे जखमेवर बोट दाबणं आहे.

अशाच एका पुनर्वसित वस्तीत मी आठवड्याला वर्ग घेते. समाजमंदिरात सतरंज्या अंथरतो, दोन्ही दारं सताड उघडी ठेवतो. एक ताई कायम दाराजवळची जागा धरते, चप्पल हाताशी ठेवून बसते. गेल्या पावसाळ्यात वर्ग चालू असतानाच पत्र्यावर जोराची सर वाजली. हात वर गेलेले तसेच थांबले, सगळ्यांच्या माना बाहेर वळल्या. ताईने चप्पल पायात सरकवली. अशा वेळी ‘घाबरू नका’ म्हणण्याचा उपयोग नसतो. मी म्हटलं, टाचा जमिनीवर टेकल्या आहेत का बघू या. हवं तर पाठ भिंतीला लावा. हवं तर बाहेर बघत राहा, आणि श्वास सोडाल तो जरा सावकाश सोडा. ताई उठली, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा दाबल्या, पावसाकडे बघत राहिली. सर ओसरेपर्यंत ती तिथेच होती. आदल्या पावसाळ्यात तिने अशाच सरीला पोरांना उचलून रस्ता गाठला होता. त्या दिवशी ती परत सतरंजीवर येऊन बसली. चप्पल पायातच होती आणि ते मला पूर्ण मान्य होतं.

या वर्गांसाठी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

वर्ग दिवसाउजेडी, दर वेळी त्याच वारी, त्याच जागी, त्याच वेळेला घ्या. दार सगळ्यांना दिसेल अशी बसण्याची रचना ठेवा. डोळे मिटण्याची सक्ती नको. झोपायचं नसेल त्याने बसावं, उभं राहावं.

आसन सुधारायला अंगाला हात लावू नका, कुणाच्या पाठीमागून फिरू नका. काय करणार आहात ते आधी सांगा आणि मग करा. टाळी, शिट्टी, कर्णा टाळा.

कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं इथे नको. धाप लागली, छाती भरली की शरीराला तोच प्रसंग आठवू शकतो. साधा, लांब सोडलेला श्वास पुरतो.

हुकूम सोडू नका, पर्याय द्या : हवं तर एक हात वर घ्या, नाहीतर दोन्ही मांडीवर राहू द्या. खुर्ची, भिंत, लोड, पट्टा यांच्या आधाराने आसनं शिकवण्याची रीत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातून जगाला दिली. म्हाताऱ्या, थकल्या, जखमी शरीरांसाठी तिचा सढळ वापर करा.

‘त्या रात्री काय झालं?’ हे कधीही विचारू नका. कुणी आपणहून सांगितलं तर ऐका, चर्चा करू नका. बायकांच्या वर्गाला शक्यतो बाईच शिक्षिका असावी.

कोणी काय करायचं

योगशिक्षकांनी आपल्या जिल्ह्यातली एक वस्ती निवडावी, एकच, आणि ती वर्षभर धरून ठेवावी. वर्ग सुरू करण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडून आजाराची लक्षणं आणि धोक्याच्या खुणा समजून घ्याव्यात. एकट्याने जाऊ नये, दोघांनी मिळून जावं, म्हणजे एकाला अडचण आली तरी वर्ग बुडत नाही. जाण्यायेण्याची पदरमोड होईल. ती परवडत नसेल तर शहरातल्या योगवर्गांनी आपल्या साधकांकडून वर्गणी काढून ती उचलावी.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी जागा, सतरंज्या आणि ठरलेला वार द्यावा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात योगसत्रं आधीच अंतर्भूत आहेत. त्यांतलं एक सत्र अशा वस्तीवर न्यावं यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी.

आशाताईंनो, कुणाच्या घरात रात्री दिवा जळत राहतो, कोण कामावर जायचं बंद झालंय, कुणाचं पिणं वाढलंय, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्या घरातल्या माणसाला वर्गात घेऊन या आणि त्याचं नाव गुपचूप डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टरांनी, छातीत धडधडतं म्हणून आलेल्या माणसाला त्या पावसाबद्दल एक प्रश्न विचारावा, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे चिठ्ठी द्यावी. नव्या आपत्तीत पहिला महिना झोपेच्या गोळ्यांचं सरसकट वाटप करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात बेन्झोडायझेपिन गटातली औषधं या काळात देऊ नयेत असं सांगितलं आहे. त्या दिवसांत अन्न, निवारा आणि आपली माणसं जवळ असणं हाच पहिला उपचार.

घरच्यांनी, ‘किती दिवस तेच धरून बसणार?’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करावं.

हे मात्र कुणीही करू नका

योग सुरू केला म्हणून गोळ्या बंद करा, असं सांगणारा शिक्षक दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. औषध कमी करायचं की बंद, हे डॉक्टरच ठरवेल. ‘योगाने हमखास बरं होतं’ असा फलक लावू नका. रडणाऱ्या बाईचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. मरणाची भाषा करणारा, स्वतःला इजा करणारा, नसलेले आवाज ऐकणारा माणूस वर्गात आला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वाटेत आधार हवा असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

२१ जूनला गावोगावी योगदिन साजरा होईल. मैदानं भरतील, चटया अंथरल्या जातील, छायाचित्रं निघतील. तोवर दरडप्रवण पट्ट्यात पाऊस स्थिरावलेला असेल आणि जागरणाच्या पाळ्या सुरू झालेल्या असतील. त्या मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक योगसंस्थेला माझी हात जोडून विनंती आहे : त्याआधी आपल्या दोन शिक्षकांची नावं ठरवा, एक वस्ती ठरवा, वार ठरवा. या आठवड्यातच त्या गावच्या सरपंचांना फोन करा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या. पहिला वर्ग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झाला पाहिजे, आणि पुढच्या जूनमध्येही तो चालू असला पाहिजे.

आपली,
एक योगशिक्षिका